ओहायोहून आणलेला विस्तव

२ सप्टेंबर १८८४, मंगळवार

ठरलं! काउंटीचं ठाणं, म्हणजे कोर्टकचेरीचं मुख्य गाव, ना आमच्या सायलोमला, ना त्या ग्रँटव्हिलला. दोघांच्या बरोब्बर मध्यावर. तिथं आज गवत आहे, वारा आहे आणि मोजणीदारानं ठोकलेली एक खुंटी आहे. बस्स!

आमचे हे तीन पंचांपैकी एक. काल दिवसभर मतं मोजत होते. घरी आले ते हसतच. "ओबेद बिक्सबीची बायको घरात बसल्या बसल्या काउंटीच्या ठाण्याला जाणार," म्हणाले. मला वाटलं थट्टा.

थट्टा नाही. दोन्ही गावांनी आपली लाकडी घरं बैलांनी ओढून तिथं न्यायची. पहिल्या नोव्हेंबरला पंच मध्यावर जाऊन धुरांडी मोजणार. ज्या गावाची धूर निघणारी घरं जास्त, त्याच्या बाजूला कोर्ट, टपाल, पुढं रेल्वेचं ठेसन. दुसऱ्या गावात कोल्हे राहतील. नुसती घरं नेऊन ठेवली तर चालायचं नाही. आत चूल पेटलेली हवी, चुलीपाशी बाई हवी.

म्हणजे मी. आणि सासूबाई. आणि आमच्या पोरीची, मर्सीची पहिलीच यत्ता, तीही बुडणार.

देवाची इच्छा. पण खुंटी देवानं ठोकलेली नाही.

४ सप्टेंबर

सासूबाईंना कोणी सांगायचं यावर आम्हा दोघांत दोन दिवस गेले. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझं घर कुठं चाललंय म्हणे?"

ऐकून घेतलं. मग लोखंडी चुलीचं झाकण उचलून आत बघितलं, जणू तिला विचारायचं होतं. त्यांच्या लग्नातला विस्तव हा. ओहायोहून निघाल्या तेव्हा लोखंडी हंडीत निखारे घालून, मांडीशी धरून, गाडीतून आणला. तेव्हापासून विझू दिलेला नाही. एक्क्याऐंशीच्या बर्फात खुर्च्यांचे पाय जाळले, पण विझू दिला नाही.

"तुझ्या सासऱ्यांचा श्वास थांबला त्या दिवशीसुद्धा मी दोनदा गवत घातलं चुलीत," म्हणाल्या. "येईन मी. पण ही पेटती येईल. आणि अॅबीजवळ कोण राहणार, ते तुम्ही दोघं ठरवा."

आमची लेक अॅबी घरामागच्या टेकाडावर मातीत आहे. दोन वर्षं झाली. ह्यांनी मान खाली घातली. मी बादली घेऊन बाहेर गेले, पाणी आणायचं नव्हतं तरी.

७ सप्टेंबर, रविवार

शेजारची लव्हिना पेटन चर्चमधून येताना पोटाला हात लावून हसत सुटली. डिसेंबरात बाळंत व्हायची आहे ती. "एफनं लग्नात कबूल केलं होतं, फिरायला नेईन म्हणून. नेतोय की! घरासकट, चुलीसकट, पलंगावर बसवून! हल्डा, तू खिडकीत बस हं. मी रुमाल हलवीन."

किती हसतो आपण, रविवारी असूनसुद्धा.

१४ सप्टेंबर, रविवार

आज प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं. क्षमा कर, प्रभू. पाद्रीबाबा नव्या गावासाठी आशीर्वाद मागत होते आणि मला गवत दिसत होतं.

सायलोमभोवती जाळरेषा आहे. दर वसंतात, जमीन ओली असताना गडीमाणसं गावाभोवती नांगराचे दोन पट्टे ओढतात आणि मधलं गवत जाळून टाकतात. वणवा आला तर तिथं येऊन भुकेनं मरतो. मध्यावर काय आहे? मर्सीच्या डोक्याइतकं गवत. जुलैपासून थेंब नाही. दोन बोटांत धरलं की चुरा होतो.

रात्री ह्यांना म्हटलं, "आधी नांगर, मग घरं."

"बैल तेवढेच आहेत, हल्डा. नांगराला जुंपू का घरांना?"

"मग घरं थोडी उशिरा."

"आणि ग्रँटव्हिलवाले? ते थांबतील तुझ्यासाठी?" मग जरा मऊ होऊन, "पहिली तारीख होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः नांगर धरतो. शब्द देतो."

शब्द ते पाळतात. वणव्याला तारीख कोण सांगणार?

२३ सप्टेंबर

दुकान निघालं! पहिलं तेच. तीन जाड वाशांची उंच तिकटी उभी करतात, वरून कप्पी आणि दोर, आणि घराचा एकेक कोपरा उचलून खाली तुळया सरकवतात. मग बैल. घर कुरकुरत, डुलत, गवतातून जहाजासारखं गेलं. जहाज मी पाहिलेलं नाही.

दुकानाच्या जागी चौकोनी खड्डा. त्यात एक मांजर बसलं होतं.

मीठ घेतलं, पाच सेंट. साखर नको म्हटलं.

३० सप्टेंबर

घरं ओढणाऱ्यांना जेवण पोचवायला मध्यावर गेले. सायलोमची अकरा घरं चौकाच्या दक्षिणेला. उत्तरेला ग्रँटव्हिलची नऊ. आणि पूर्वेला एक माणूस एकटाच नांगरत होता.

वेन्झेल कुबिक. ग्रँटव्हिलचा दारूवाला, बोहेमियाचा. मातीच्या ढेकळांची खोपटी बांधलीय, आत सगळी पिपं. तिच्याभोवती आणि मागच्या अख्ख्या पट्ट्यावर काळी माती उलटी करून ठेवलेली. जमीन विटेसारखी झालीय, फाळ हातभर जातो आणि उडी मारतो. त्याचे स्वतःचेच गाववाले त्याच्यावर चिडलेत, घर ओढायला बैल देत नाही म्हणून. आमच्या गड्यांना तर करमणूकच.

"कुबिक! बटाटे लावतोस काय रे?"

"पिपं लावतोय! उन्हाळ्यात प्यायला या, पहिलं पीक फुकट!"

दारू विकणाऱ्याशी मी बोलत नाही. त्यानंच टोपी काढली. "काय पंचीणबाई, घर कधी येतंय?"

मी टोपलीकडे बघत राहिले.

"आणाल तेव्हा चूल विझवून आणा हो. इथं पोचलं की काडी ओढायची. धुराला कितीसा वेळ लागतो?"

न राहवून म्हटलं, "आमची विझत नाही."

"सगळ्यांचीच विझते," म्हणाला, आणि बैलांना हाक मारली. हसत नव्हता.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. "दारूवाला मला चूल शिकवणार!" म्हणाल्या. आज त्यांनी दोन पेंढ्या जास्तच घातल्या.

३ ऑक्टोबर

पश्चिमेला धूर. दिवसभर. इकडे आला नाही. देवाचे आभार.

८ ऑक्टोबर

गावात आम्हीच उरलो. पंचाचं घर शेवटी, नाहीतर लोक म्हणतील आपलं आधी नेलं. लव्हिनाचं घर सोमवारी गेलं. तिनं खरंच रुमाल हलवला. एफनं पाळणा केलाय बाळाला, तो तिनं खिडकीतून उंच धरून दाखवला.

सगळीकडे खड्डे. वारा त्यांच्यावरून जाताना बाटलीत फुंकल्यासारखा आवाज होतो. मर्सी म्हणते, गाव शिट्टी वाजवतंय.

अॅबीकडे गेले. गवत उपटलं. जाळरेषेच्या आत आहे ती. एवढं एक बरं आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घर उचललं. बश्या पिठाच्या पिपात रोवल्या, घड्याळ गादीत गुंडाळलं, सासूबाईंना चुलीशेजारी खुर्चीवर बांधायची पाळी आली — उठून उठून झाकण बघायच्या. "तिला हिसका बसतो," म्हणाल्या. चुलीला!

जळणासाठी गवत पिळून पिळून माझे हात सोलले. पिळलेलं गवत भरभर जळतं आणि ठिणग्या फार. मी धुरांड्याखाली बसून वर जाणारा आवाज ऐकत होते. म्हटलं, "आई, वाटेपुरती विझवू या का?"

"हंडीत काढून ठेवू म्हण. विझवू म्हणू नकोस."

"मग हंडीत काढा."

"आणि ओढणाऱ्या गड्यांचा पाव? तो काय तू मांडीवर भाजणार?"

खरंच होतं. दोन वेळा आठ माणसांचा पाव. पुन्हा गवत पिळायला घेतलं.

टेकाड मागं पडताना मी खिडकीशी गेले नाही.

१४ ऑक्टोबर

खोलगटात तुळई मोडली. धाडकन! पिपातली एक बशी गेली. अर्धा दिवस तिथंच. नवी तुळई तासेपर्यंत रात्र झाली, मुक्काम तिथंच. चूल हिसक्यांनी चोंदली होती. सासूबाईंनी निखारे हंडीत काढून घेतले, राख बाहेर नेऊन टाकली, वर मातीचं ढेकूळ ठेवलं. मर्सी भोवती नाचत होती. पुन्हा पेटवल्यावर पाव छान फुगला.

सासूबाई आज प्रथमच खूश दिसल्या. "अर्धी वाट झाली. हिला काही झालं नाही."

१५ ऑक्टोबर

पोचलो. टाळ्या! गावाच्या ओळीत जागाच उरली नव्हती, म्हणून तूर्त पूर्वेला टेकवलंय — कुबिकच्या नांगरटीच्या अगदी कडेला. दार उघडलं की समोर पिपं! ह्यांनी आठवड्यात हलवायचं कबूल केलंय.

आमचं धुरांडं धरून सायलोम एकानं पुढं. लव्हिना धावत आली, पोटासकट. "तुझ्या सासूनं जिंकलं ठाणं!" सासूबाई लाजल्या. मी प्रथमच पाहिलं.

१६ ऑक्टोबर

दक्षिणेचा वारा. गरम. कपडे दोरीवर राहीनात. बैल एका जागी उभे राहत नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रभू, दया कर.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज लिहून ठेवते.

शुक्रवारी दुपारी मी कणीक मळत होते. उजेड पिवळा झाला. मर्सी म्हणाली, "आई, ससे बघ." दारासमोरून ससे पळत होते, मग रानकोंबडे, मग एक हरिणी, कुणालाही न भिता. मागं दक्षिणेला आभाळ उभं राहिलं होतं. आवाज आगगाडीच्या इंजिनासारखा.

सगळे धावले ते नांगरटीवर. दुसरी जागाच नव्हती. सायलोमची आणि ग्रँटव्हिलची माणसं एकमेकांच्या अंगावर, ढेकळांत तोंडं खुपसून. आमचं घर कडेलाच, त्याच्या भिंतीवर कुबिक आणि हे ओली पोती मारत होते. पाणी कुठलं? पिपं फोडली त्यानं. सगळी. माझ्या लेकीला मी बिअरमध्ये भिजवलेल्या घोंगडीत गुंडाळलं. आयुष्यभर ज्या वासाला नाक मुरडलं, तो वास अजून तिच्या केसांत आहे. मी धुतलेला नाही.

लव्हिना आली होती. माझ्या शेजारी होती. माझा हात धरून होती. मग म्हणाली, "पाळणा!"

मी म्हटलं, "वेडी आहेस का?"

"दारातच आहे गं, ही आले!"

हात सुटला. मी सोडला नाही. ओला होता, निसटला.

कुबिक तिच्यामागं धावला. मी डोळ्यांनी पाहिलं. परत आला तेव्हा भुवया नव्हत्या, सदरा पाठीला चिकटलेला, आणि एकटाच.

एफ ग्रँटव्हिलच्या वाटेवर बैल आणायला गेला होता. तो संध्याकाळी आला.

दोन घरं उरली. आमचं आणि कुबिकची खोपटी. सगळी आमच्याकडे झोपतात, जमिनीवर, ओळीनं. सासूबाई सतत रांधतात. चूल पेटलेलीच आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

लव्हिनाला पोचवलं. पेटीत फारसं वजन नव्हतं.

परत येताना एफ चालता चालता थांबला. नांगरटीकडे बघत राहिला. म्हणाला, "ह्या कुबिकनं फक्त स्वतःपुरतंच का नांगरलं?"

 मग दुकानदार म्हणाला, "त्याला ठाऊक होतं." मग आणखी कुणी. "आमची घरं जास्त झाली ना! एकानं पुढं होतो!" "बटाटे लावतो म्हणत होता!" "पिपं फोडली ती उगाच नाही. आग लावायचं मनात होतं म्हणूनच."

जेवणाआधी त्याला धरलं. त्याच्याच तळघरात कोंडलाय. ग्रँटव्हिलची माणसं बोलली नाहीत. बैल दिले नव्हते ना त्यानं त्यांना.

मी ह्यांना म्हटलं, "तो लव्हिनाच्या मागं आगीत गेला. मी पाहिलं."

"जज्जसाहेब गुरुवारी येतायत. काउंटीचं पहिलं कोर्ट. आपल्याच घरात भरेल. तिथं काय ते होईल. रीतसर."

रीतसर. बरं वाटलं शब्दानं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पीठ संपलं. सायलोमच्या तळघरात बटाटे राहिले होते, ते आणायला गाडी घेऊन मीच निघाले. पुरुष कोळशातून खिळे वेचतायत.

सगळं काळं. चाकांचा आवाजसुद्धा येत नव्हता. घर ओढल्याच्या खुणा तेवढ्या दिसत होत्या, त्यांवरून गेले. म्हटलं कुठवर काळं आहे बघू. वणवा दक्षिणेकडून आला म्हणजे सायलोमही गेलं असणार, अॅबीचं टेकाडही. मन घट्ट केलं.

खोलगटात काळं संपलं.

संपलं म्हणजे तिथंच सुरू झालं. पलीकडे पिवळं गवत, कमरेइतकं, धडधाकट. अलीकडे काळं — आधी घोंगडीएवढं, मग रुंद, मग आणखी रुंद, पंख्यासारखं पार मध्यापर्यंत. पंख्याच्या मुठीपाशी मोडकी तुळई पडलेली. तिच्याजवळ भाजलेल्या मातीचं एक ढेकूळ. खाली राख होती. आमची.

गाडीतून उतरले आणि तिथं बसले. मग उठून बटाटे आणायला गेले. घरात दहा पोरं उपाशी होती.

अॅबीच्या टेकाडावर गवताला धग लागलेली नाही.

संध्याकाळी ह्यांना घरामागं नेऊन सांगितलं. त्यांनी विचारलं नाही, कुठं, कसं. मी ओळखलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"शनिवारी गेलो होतो. तुळई आणायला."

"आणि बोलला नाहीत?"

"ती माझी आई आहे, हल्डा."

"आणि तो?"

"तो दारू विकतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते आपल्या हातांकडे. मग भराभर बोलले: ठाणं जाईल. सायलोमच्या पंचाच्या घरातली राख, म्हणतील. लव्हिनाला आम्ही मारलं, म्हणतील. एफ काय करेल? आईचं काय होईल? पुढच्या वर्षी रेल्वे यायची आहे!

म्हटलं, "गुरुवारी जज्जसाहेबांसमोर मी उभी राहून सांगणार. आईंना कुणी फाशी देत नाही राखेसाठी. त्याला देतील."

 मग अगदी शांतपणे, "सांग. गुरुवारी सांग. तुला कोण अडवतंय?"

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, हाच तो माणूस, ज्याच्याशी मी लग्न केलं. शब्द पाळणारा.

टोपी घातली त्यांनी. "एफकडे बसतो जरा. आज त्याला एकटा ठेवायला नको."

सासूबाई पडद्यामागं विणत होत्या. भिंत पातळ आहे. सुया थांबलेल्या ऐकू आल्या. जेवायला आल्या नाहीत.

२२ ऑक्टोबर, बुधवार

गुरुवारपर्यंत कुणी थांबलं नाही.

चौकात तिकटी उभी आहे. तीच, जिनं आमचं घर उचललं. कप्पीच्या दोराला कुबिक लटकतोय. मर्सीला मी खिडकीशी जाऊ देत नाही. हे काल एफकडे गेले ते अजून घरी आलेले नाहीत.

सासूबाईंनी सकाळी चुलीचं झाकण काढलं आणि बादलीभर पाणी आत ओतलं. मग दुसरी. वाफेनं घर भरलं. एक शब्द बोलल्या नाहीत. शाल घेतली, पाव कापायची सुरी घेतली आणि चौकाकडे निघाल्या, दोर कापायला.

मीही निघते. पहिल्या नोव्हेंबरला आमचं धुरांडं मोजू नये.